खादर मोजण्याचे पहिले धडे

नकाशा काढायला शिकायचं असेल तर डोंगर निवडू नका. डोंगराचा नकाशा कोणालाही जमतो. चढ डोळ्यांना दिसतो, उतार पायांना कळतो आणि उंची किती वाढली ते गुडघे सांगतात. आपल्याकडचा पोरगा राजगड एकदा चढला की त्याला समोच्च रेषा वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. खरा कस सपाटीवर लागतो. म्हणून नवशिक्यांसाठी मी दिल्लीतलं यमुनेचं खादर निवडलं आहे. इथे चढ नाही, उतार नाही. दम लागतो, पण तो हवेमुळे.

जागेची ओळख आधी करून घ्या. यमुना पल्ला गावापाशी दिल्लीत शिरते आणि पन्नासेक किलोमीटर वाहून जैतपूरपाशी बाहेर पडते. त्यातला वजिराबाद ते ओखला हा २२ किलोमीटरचा तुकडा शहराच्या पोटातून जातो. एकूण १,३७६ किलोमीटरच्या नदीत हा दोन टक्केही नाही, पण नदीच्या नावाने जेवढं रडू येतं त्यातलं बहुतेक इथेच येतं. जुन्या, उंच, घट्ट मातीला इथले लोक बांगर म्हणतात. नदीने मागच्या पुरात आणून टाकलेली आणि पुढच्या पुरात परत न्यायची माती म्हणजे खादर. खादर आणि वस्ती यांच्यामध्ये मातीचा बांध, तो पुश्ता. मी पुश्त्याच्या अलीकडे, मयूर विहारला राहते. पलीकडे जायला चालत बारा मिनिटं लागतात. मला तीस वर्षं लागली.

नवशिक्यांना 'दुर्गम' शब्दाचं फार आकर्षण असतं. दुर्गम म्हणजे हिमालयातलंच काही असायला हवं असं नाही. ज्या ठिकाणाचं नाव घेतल्यावर रिक्षावाला मीटर पाडायच्या आधी ''वहाँ क्यों जाना है?'' असं विचारतो, ते दुर्गम. इंद्रप्रस्थ ते यमुना बँक या दोन स्टेशनांच्या मधे मेट्रो नदीवरून जाते. डब्यातली तीनशे माणसं मोबाइलमध्ये बघत असतात आणि खाली एक जण गुडघाभर पाण्यात उभा राहून पालक धूत असतो. दोघांमधलं अंतर पंधरा-वीस मीटर, तेही उभं. कुठल्याही नकाशावर ते येत नाही.

माझी पात्रता विचाराल तर मी शाळेत भूगोल शिकवत होते. दर वर्षी नववीच्या मुलांपुढे भारतीय सर्वेक्षण विभागाचं ५३ एच मालिकेतलं शीट पसरायचे आणि म्हणायचे, बघा, ही आपली दिल्ली. प्रमाण एकास पन्नास हजार, समोच्च रेषांमधलं अंतर वीस मीटर. आता हिशोब करा. खादराची उंची समुद्रसपाटीपासून दोनशेच्या थोडी वर. दोनशेची रेषा एकीकडे, दोनशेवीसची दुसरीकडे, आणि मधे अख्खी नदी, सगळी शेतं, सगळी दलदल, सगळे पूर आणि माझं घर. त्या मोकळ्या जागेत निळ्या आडव्या रेघा आणि गवताचे झुपके काढलेले असायचे. मुलांना मी ती खूण पाठ करायला लावली. खुणेच्या जागी जाऊन कधी बघितलं नाही. निवृत्त झाल्यावर करायला काही उरलं नाही तेव्हा गेले.

साहित्य फार लागत नाही. एक ऑटो लेव्हल. नवी महाग पडते, रुडकीकडे जुनी चांगली मिळते. जुनी डंपी लेव्हल घेऊ नका. तिच्यात माणसं उलटी दिसतात, आणि दिल्लीत तेवढ्यासाठी वेगळं यंत्र नको. तिपाई. चार मीटरचा ॲल्युमिनियमचा स्टाफ. लेव्हल बुक आणि पेन्सिल, कारण पेनाने लिहिलेलं खोडता येत नाही आणि खोडावं लागतंच. कानेटकर आणि कुलकर्णी यांचं सर्व्हेइंगचं पुस्तक, पुणे विद्यार्थी गृहाने छापलेलं. देशभरातले सिव्हिल इंजिनिअर त्यावर पास झाले, त्यामुळे या विषयात मराठी माणसाने न्यूनगंड बाळगायचं कारण नाही. शिवाय एक भाचा. भाचा नसेल तर पुतण्या चालेल, पण स्टाफ धरायला घरचंच माणूस हवं. बाहेरचा माणूस दुसऱ्या रविवारी येत नाही. माझा भाचा नोएडात नोकरीला आहे आणि रविवारी पोहे मिळतात म्हणून येतो.

आणि एक लोखंडी तवा. हे कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. खादरात ओल्या गाळावर स्टाफ टेकवला की तो सावकाश खाली जातो. तुम्ही दुर्बिणीतून १.४३५ वाचता, वहीत लिहिता, पुन्हा बघता तर १.४४३. नवशिक्याला वाटतं आपला डोळा गेला. डोळा ठीक आहे, स्टाफ बुडतोय. यंत्र एका जागेवरून उचलून पुढे नेताना मधला बिंदू जर आठ मिलिमीटर खचला, तर तिथून पुढची अख्खी दिल्ली तुमच्या वहीत तेवढीच चुकते. यासाठी पायाखाली घालायची लोखंडी चकती मिळते. आम्ही पोळ्यांचा जुना तवा उलटा घालून वापरतो. उत्तम चालतो. फक्त घरी आणल्यावर नीट घासावा.

ड्रोन उडवावा का, असं सगळे विचारतात. राजधानीच्या आकाशाचा मोठा भाग परवानगीवाचून बंद आहे, आणि परवानगीच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा चिखलात उभं राहणं सोपं. उपग्रहाचे फुकट मिळणारे उंचीचे आकडे वापरावेत का? जरूर वापरा, पण ते कशाची उंची सांगतात हे आधी समजून घ्या. सन २००० च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीवरची बहुतेक जमीन मोजली. ते आकडे आजही सर्रास वापरतात. पण रडारला जमीन आणि जमिनीवर उगवलेलं यातला फरक नीटसा कळत नाही. खादरात पाणकणीस आणि सरकंडा माणसाच्या डोक्याच्या वर जातो, आणि इथला सगळा खेळ दोन-तीन मीटरचा. म्हणजे गवताचा शेंडा नदीचा काठ ठरतो आणि पूल टेकडी ठरते. यमुनेत अशा बऱ्याच टेकड्या आहेत, बाकीच्या सिमेंटच्या.

पहिल्याच रविवारी भाच्याने मोबाइलवर एक ॲप उघडलं आणि घाबरून म्हणाला, ''मावशी, आपण दीडशे मीटरवर आहोत. दिल्ली पन्नास मीटर खचली.'' प्रत्येक नवशिक्या हे एकदा म्हणतो, म्हणून समजावून सांगते. उपग्रह उंची मोजतो ती एका गणिती, गुळगुळीत लंबगोलापासून. आपण उंची सांगतो ती समुद्राच्या सरासरी पातळीपासून. ती पातळी पृथ्वीच्या पोटातल्या वस्तुमानाप्रमाणे वरखाली होते आणि भारतात त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. दिल्लीपाशी हा फरक पन्नासेक मीटर. दुरुस्ती न करता आकडा वापरला की शहर बुडतं. दुरुस्ती करून वापरला तरी बुडतं, पण त्याची कारणं वेगळी.

समुद्र म्हणजे कुठला समुद्र, हेही सांगून ठेवते, कारण दिल्लीकरांना तो आठवत नाही. भारतातल्या उंचीचं जाळं १९०९ साली जुळवलं तेव्हा किनाऱ्यावरच्या नऊ ठिकाणांची भरती-ओहोटी आधाराला धरली होती. त्यात एक मुंबईचं अपोलो बंदर. तिथून माणसांनी लेव्हल आणि स्टाफ घेऊन पावलापावलाने उंची देशभर वाहून नेली. यमुनेला पूर आला की टीव्हीवर जो आकडा धावतो, त्याचा एक पाय गेटवेपाशी आहे. मला याचा उगाच अभिमान वाटतो. आणखी एक अभिमान नोंदवून पुढे जाते. १८०२ साली मद्रासपाशी पायारेषा मोजून भारताच्या महामोजणीला हात घालणारा विल्यम लॅम्टन २० जानेवारी १८२३ रोजी वारला तो हिंगणघाटला. थडगंही तिथेच आहे. वर्ध्याला जाणारी माणसं सेवाग्राम बघून परत येतात.

आता पहिलं खरं काम: शून्य शोधणं. उंची हवेतून मोजता येत नाही, कुठल्या तरी ठाऊक असलेल्या बिंदूपासून मोजावी लागते. त्याला बेंचमार्क म्हणतात, मोजणीवाल्यांच्या तोंडी बीएम. जुन्या इमारतींच्या जोत्यावर, पुलांच्या कठड्यांपाशी बाण कोरलेले दगड असतात. कागदावर. मी शोधत होते तो पहिला दगड फुटपाथच्या नव्या टाइल्सखाली गेला होता. टाइल्स बसवणाऱ्याने मला प्रामाणिकपणे सांगितलं, ''पत्थर तो था मैडम, बराबर कर दिया.'' दुसरा एका जुन्या मोरीच्या भिंतीवर चुन्याच्या चार थरांखाली मिळाला. नवशिक्यांनी रेल्वे स्टेशनच्या पाटीवर लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची वापरायचा मोह टाळावा. तो आकडा नेमका कशाचा, प्लॅटफॉर्मचा, रुळाचा की पाटीचा, हे विचारायला गेलात तर चहा मिळतो, उत्तर मिळत नाही.

बीएम ते खादर आणि परत, असं सहा किलोमीटर आठशे मीटर आम्ही उंची वाहून नेली. परत आल्यावर पहिल्या बिंदूची उंची पहिल्याइतकीच यायला हवी. साधारण कामाला किती फरक चालतो त्याचा नियम आहे: किलोमीटरच्या आकड्याचं वर्गमूळ काढा, २४ ने गुणा, तेवढे मिलिमीटर. आमच्या वाट्याला साठेक मिलिमीटरची सूट येत होती. आमचा फरक आला एक मीटर एक्केचाळीस मिलिमीटर. सरळ एक मीटरचा घोळ असला की तो यंत्राचा नसतो. कुठे तरी दोनच्या जागी तीन वाचलेलं असतं. भाचा म्हणाला, वाचलं तू. मी म्हटलं, लिहिलंस तू. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. पोहे मी केले नाहीत.

खादरात तिपाई उभी केलीत की पाच मिनिटांत माणसं गोळा होतात. कुतूहलाने नव्हे. इथे तिपाई घेऊन येणारा माणूस एकाच कामासाठी येतो, आणि त्याच्या मागून महिन्याभरात बुलडोझर येतो. सरकारी आराखड्यात हा सगळा पट्टा 'झोन ओ' आहे. १३ जानेवारी २०१५ च्या हरित लवादाच्या निकालाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा धरून पूरमैदान ठरवायला सांगितलं. निकाल नदीच्या बाजूचा आहे आणि मला तो पटतो. पण त्या रेषेच्या आत मुळ्याचा वाफा, झोपडी आणि हातपंप असलेल्या बाईला तो कसा समजावायचा, हे नवशिक्यांच्या कुठल्याच पुस्तकात नाही. अशीच एक म्हातारी माझ्याजवळ आली. तिने आधी चार मुळे दिले, चिखलासकट. मग लेव्हलला नेहमीच्या बाजूने डोळा न लावता, उलट्या बाजूने आत बघितलं आणि विचारलं, ''चूल्हा लकीर के इधर पड़ेगा कि उधर?''

उत्तर आधीच पाठ करून ठेवा. मी नवशिकी होते, मी म्हटलं, मी फक्त शिकतेय. ती म्हणाली, ''वो भी यही कहते थे।''

या भागात एक गंमतही आहे. इथे कागदावर एकदा काढलेल्या रेषेवर फार विश्वास ठेवू नये. पटवाऱ्याकडचा गावाचा नकाशा कापडावर असतो, त्याला लट्ठा म्हणतात. आपल्या तलाठ्याच्या मांजरपाटासारखंच ते. त्यात नदी एका जागी स्थिर वाहते. प्रत्यक्षात ती कधी या काठाची जमीन खाते, कधी त्या काठाला टाकते. खाल्लेली ती दरियाबुर्द, टाकलेली ती दरियाबरामद. कृष्णाकाठचा शेतकरी टाकलेल्या जमिनीला मळई म्हणतो आणि तिच्यावरून भावाशी भांडतो. इथे दोन राज्यं भांडली. हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांची सीमा यमुनेची खोल धार होती; धार सरकली की शेत राज्य बदलायचं. माणूस हरियाणात झोपावा आणि उत्तर प्रदेशात उठावा. शेवटी १९७९ साली संसदेने कायदा करून सीमा नदीतून काढली आणि जमिनीवर ठोकली. नदीला कोणी कळवलं नाही.

तेव्हा पाण्याची कड नकाशावर कुठे काढायची, या प्रश्नाचं उत्तर: पेन्सिलीने. ओखल्याच्या बराजची दारं वरखाली झाली की इकडचं पाणी सरकतं. आम्ही तीन रविवारी तीन कडा मोजल्या आणि तिन्ही काढल्या. भाच्याला हे बघवत नव्हतं, त्याला एकच रेघ हवी होती.

नदीचा उतार ठाऊक असण्याला किती किंमत असते, हे मराठी माणसाला दिल्लीत कोणी सांगायला नको. मराठीत उतार म्हणजे ढाळही आणि नदी पायी ओलांडता येईल ती उथळ जागाही. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडले तो बुराडी घाट याच खादरात, वजिराबादच्या थोडा वर. फुटलेलं पात्र, मधली बेटं आणि माणसापेक्षा उंच गवत. पलीकडून कोण, किती आणि कुठून उतरतंय ते दिसत नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात भाऊसाहेब कुंजपुऱ्याला असताना अब्दाली बागपतपाशी नदी उतरून अलीकडे आला. एवढ्या पाण्यात यमुना उतरता येत नाही अशी सगळ्यांची खात्री होती. पानिपतावर आपल्याकडे रकानेच्या रकाने लिहिले गेले. त्यातल्या कुठल्या तरी एका रकान्यात बागपतच्या त्या उताराची खोली हवी होती.

आता पाणथळीबद्दल. इथे शब्दांचा गोंधळ होतो, म्हणून सावध करते. नदीने वळण सोडलं की मागे जे पाणी उरतं त्याला आपण शाळेत नालाकृती सरोवर म्हणतो. घोड्याच्या नालेसारखं म्हणून. माझ्या वर्गात दर वर्षी एक तरी मुलगा नाल्याच्या आकाराचं सरोवर असं लिहायचा आणि मी लाल रेघ मारायचे. त्या सगळ्या मुलांची मी माफी मागते. राजस्थानातून अरवलीच्या अंगाने येणारी साहिबी नदी धांसापाशी दिल्लीत येते. तिथल्या सखल भागात तिचं पाणी पसरायचं, त्या पसाऱ्याचं नाव नजफगढ झील. पुढे तिला खोदून, सरळ करून वजिराबादला यमुनेत आणून सोडली. आज नकाशावर तिचं नाव नजफगढ नाला, लांबी ५७ किलोमीटर. थंडीत धांस्याच्या बाजूला गेलात तर पट्टकादंब आणि रोहित अजून उतरलेले दिसतात. नदी आहे, तळं आहे की नाला आहे, हे त्यांनी अजून तपासलेलं नाही.

खोली मोजायला नाव लागते. नावाड्याशी भाव ठरवताना घाई करू नका आणि यंत्राची फुशारकी तर अजिबात मारू नका. मी आवाजाच्या लहरीने खोली मोजणाऱ्या यंत्राबद्दल सांगत होते, तो ऐकत होता. मग त्याने बांबू पाण्यात सोडला. हातभर पाणी, मग बांबू जरा अडखळला. मी म्हटलं, तळ. तो म्हणाला, ''अभी नहीं।'' त्याने नुसता तळवा बांबूच्या टोकावर ठेवला, आणि बांबू सावकाश आणखी दोन फूट आत गेला, लोण्यात सुरी जावी तसा. वर काळे बुडबुडे आले. त्यांचा वास इथे लिहीत नाही. मग टक् असा वाळूचा आवाज आला. ''अब।''

आता नदीचा तळ कुठला धरायचा? पाणी संपतं तो, की गाळ संपतो तो? वहीत एकच रकाना आहे. आम्ही दोन आकडे लिहिले आणि मधे तिरकी रेघ मारली. ही दोन फुटांची तिरकी रेघ म्हणजे माझ्या मते या अख्ख्या मोजणीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि ती का, ते पुढच्या तीन आकड्यांवरून कळेल. नवशिक्यांनी हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावेत.

यमुनेची पातळी मोजतात ती लाल किल्ल्यामागच्या जुन्या लोखंडी पुलापाशी. धोक्याची खूण २०५.३३ मीटर. १९७८ साली वरच्या बंधाऱ्यातून सुमारे सात लाख क्युसेक पाणी सुटलं आणि पुलापाशी पातळी २०७.४९ झाली. २०१९ साली वरच्या हथनीकुंड बराजमधून ८ लाख २८ हजार सुटलं आणि पातळी २०६.६० वर थांबली. जुलै २०२३ मध्ये सुटलं ३ लाख ५९ हजार, म्हणजे २०१९ च्या निम्म्याहून कमी, आणि १३ जुलैला पातळी गेली २०८.६६ वर. पाणी निम्मं, चढ दोन मीटर जास्त. आयटीओच्या बराजची बत्तीसपैकी पाच दारं गाळात रुतून उघडलीच नाहीत. गाळ, पुलांचे खांब, पात्रात शिरलेली बांधकामं, दिल्लीत पडलेला पाऊस, कोण किती जबाबदार याचा वाद चालू आहे. पण बादली तीच, पाणी कमी, आणि तरी सांडलं, म्हणजे बादलीच्या आत काहीतरी भरलंय, हे नववीच्या मुलालाही कळतं.

आणि इथेच माझी चूक झाली. ती सविस्तर सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही.

मी उंची पुश्ता ओलांडून अलीकडे आणली, थेट आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. खांबावर २०८.६६ कुठे येतं ते काढलं आणि निळ्या खडूने ठसठशीत रेघ मारली. रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर आली. संध्याकाळपर्यंत तिचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर होता. रात्री सेक्रेटरी आले. अत्यंत नम्र गृहस्थ. म्हणाले, ''बहनजी, लकीर तो ठीक है, पर तीसरी मंज़िल का सौदा चल रहा है।'' मी त्यांना पंधरा मिनिटं बेंचमार्क म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सकाळी रेघ पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळीच्या चौकीदाराने मला थांबवलं. २०२३ पर्यंत त्याची झोपडी पुश्त्याच्या पलीकडे, शेतातच होती. पुरानंतर दोन महिने बायकापोरांसकट रस्त्याकडेच्या ताडपत्रीत काढले, मग इथे लागला. तो म्हणाला, मैडम, एवढं पाणी आलं नव्हतं. मी म्हटलं, सरकारी आकडा आहे. तो म्हणाला, ''सरकारी आँकड़ा तो लोहे के पुल का है। पानी खड़ा थोड़े ही रहता है।''

भूगोलाच्या शिक्षिकेला हे चौकीदाराने सांगावं. पूर म्हणजे ताटातलं पाणी नव्हे. पुराची पाठही उतरती असते. वाहायचं तर उतरायला हवंच. लोखंडी पुलापासून आमच्यापर्यंत नदी कित्येक किलोमीटर खाली आलेली, मधे आयटीओचा बराज, निजामुद्दीनचा पूल. प्रत्येकापाशी पाणी थोडं तुंबतं, पलीकडे थोडं पडतं. तिथला आकडा इथल्या खांबावर मारणं म्हणजे खंडाळ्याची उंची कर्जतला लावणं. मी तीस वर्षं नदीचा ढाळ शिकवला होता.

तेव्हा पुराची पातळी हवी असेल तर आकडा शोधू नका, माणसं शोधा. विचारा, पानी कहाँ तक आया था? कोणी गुडघा दाखवेल, कोणी कंबर, कोणी छाती. माणूस कुठे उभा होता तिथे त्याला पुन्हा उभा करा, तवा घाला, स्टाफ धरा आणि त्याच्या हातापाशी वाचा. उंच माणसाची कंबर बुटक्याच्या छातीला येते, त्यामुळे घोळ होईल असं वाटतं. होत नाही. त्या रविवारी आम्ही सात जणांना उभं केलं. मुळेवाल्या म्हातारीने कपाळ दाखवलं आणि वर सांगितलं की तेव्हा ती पाटावर उभी होती. पाटाची उंची मिळवली. सातांपैकी सहा आकडे एका वितीच्या आत आले. सातवा नवरदेव होता, लग्न ठरवायला जाताना भिजला होता आणि थोडं वाढवून सांगत होता.

चौकीदार शेवटी आम्हाला त्याच्या जुन्या जागी घेऊन गेला. झोपडी नाही, चुलीचे तीन दगड होते आणि एक शिसवाचं झाड. पाणी ओसरलं तेव्हा खोडावर गाळाची रेघ राहिली होती. त्याने त्या रेघेवर खिळा ठोकला, मुलीचं दप्तर पुढच्या वेळी नेमकं त्याच्या वर टांगता यावं म्हणून. रेघ पावसाने गेली, खिळा होता. नवशिक्यांना शंका येते की झाड वाढलं तर खिळाही वर जाईल. जात नाही. झाड शेंड्याकडून वाढतं, खिळा ठोकला तिथेच राहतो, फक्त साल त्याला हळूहळू गिळते.

आम्ही स्टाफ खिळ्याला लावला. तीनदा वाचला, मी एकदा, भाच्याने एकदा, चौकीदाराने एकदा. त्याने दुर्बिणीतून आधी एक टिटवी बघितली, मग आकडा. तिघांचा एकच आला. संध्याकाळी ती उंची पुश्त्यावरून अलीकडे आणून पार्किंगच्या खांबावर ठेवली. आधीच्या रेघेच्या पुष्कळ खाली, सेक्रेटरींच्या गाडीच्या बॉनेटच्या वर चार बोटं. या वेळी खडू वापरला नाही. चौकीदाराने विटेच्या तुकड्याने बारीक खूण केली, आणि तिच्यावर आपली खुर्ची सरकवून बसला.

भाचा लेव्हल बुक पुढ्यात घेऊन थांबला होता. ''मावशी, खिळ्याचं नाव काय लिहू?''

''बीएम तीन.''

शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलं: शिसव, पूर्वेची बाजू. खिळा पक्का. पुढच्या वेळी साल खरवडावी.